तुळईबाहेरचा बिंदू

लोखंडी तुळईविषयीचा निबंध या अंकात पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, याची आम्हांला कल्पना आहे. ललित निबंधाला कोणत्याही विषयाचे वावडे नसते असे आपण बैठकीत मोठ्या आवाजात म्हणतो. प्रत्यक्षात मात्र आजोळ, पाऊस, जुनी पत्रे आणि फार तर एखादी तीर्थयात्रा, एवढ्याच परिघात फिरत राहतो. आमचे आयुष्य सुरतेच्या कारखान्यांच्या छपराखाली, किंवा अधिक काटेकोरपणे सांगायचे तर त्या छपरांच्या हिशोबात गेले. तेव्हा जे ठाऊक आहे तेच सांगावे, हे बरे.

त्या हिशोबातल्या ज्या एका कल्पनेने आम्हांला सर्वांत अधिक काळ गुंतवून ठेवले, ती म्हणजे कर्तनकेंद्र. महाविद्यालयातली मुले ‘शिअर सेंटर’ म्हणतात, आणि कामावरचे मिस्त्री त्याला काहीच म्हणत नाहीत. तुळई आडवी कापून तिच्या कापलेल्या तोंडाकडे पाहिले, म्हणजे जो आकार दिसतो त्याला छेद म्हणतात. या छेदाच्या पातळीत एक बिंदू असा असतो, की भार बरोबर त्यातून गेला तर तुळई नुसती लवते. भार तिथून बोटभर जरी सरकला, तरी लवण्याच्या जोडीला पीळ येतो. चौकोनी लाकडी तुळईत हा बिंदू अगदी मधोमध असतो, म्हणून आपल्या पूर्वजांना त्याची चौकशी करण्याचे कारण पडले नाही. परंतु ज्याला आपण चॅनेल म्हणतो, म्हणजे एक उभी पट्टी आणि तिच्या दोन्ही टोकांना एकाच बाजूला वळलेल्या दोन आडव्या पट्ट्या, त्या तुळईत हा बिंदू लोखंडात नसतोच. तो तिच्या पाठीमागे, मोकळ्या हवेत असतो.

ही गोष्ट आम्ही प्रथम ऐकली ती इच्छानाथच्या महाविद्यालयात. सरदार वल्लभभाईंच्या नावाचे हे प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय १९६१ साली सुरू झाले आणि २००२ साली त्याला राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. आमच्या काळी तिथे शिकवणे इंग्रजीत, वसतिगृहातली भांडणे गुजरातीत आणि घरी गेल्यावर आईशी बोलणे मराठीत, असा तिहेरी व्यवहार होता. कर्तनकेंद्राचे सूत्र आम्हांला इंग्रजीत पाठ झाले. ते समजले मात्र मराठीत, आणि तेही एका पतंगामुळे.

उत्तरायणाच्या आधी सुरतेत रस्तोरस्ती मांजाचे रंगीत धागे ताणलेले असतात, हे या शहरात वाढलेल्यांना सांगावयास नको. पतंग उडवणाऱ्याचे खरे कसब मांजात नसून कन्नी बांधण्यात असते. कामटीला दोन ठिकाणी भोके पाडून दोरा ओवायचा आणि त्या दोन दोऱ्यांची गाठ अशा जागी मारायची, की ओढ बरोबर बसेल. ही गाठ पतंगाच्या कागदावर नसते. ती कागदापासून दूर, हवेत असते. गाठ दोन बोटे वर-खाली किंवा एका अंगाला गेली, की पतंग गिरक्या घेऊ लागतो, मग वारा कितीही चांगला असो. पतंगाचे गणित वाऱ्याचे आणि तुळईचे पोलादाचे. दोन्ही एक आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण वस्तूला आवरणारी ओढ वस्तूच्या बाहेरून, रिकाम्या जागेतून जाऊ शकते, हे एकदा हाताला कळले, की पुढचे सोपे होते.

आता तो बिंदू बाहेर का जातो, ते पाहू. घरातली एखादी जुनी, सुट्या पानांची पोथी दोन्ही हातांत आडवी धरून वाकवावी. पाने एकमेकांवरून सरकतात आणि कडेला पायऱ्या दिसू लागतात. तीच पाने डिंकाने चिकटवली, तर सरकू शकत नाहीत. सरकण्याची इच्छा मात्र आतल्या आत राहते. लवणाऱ्या प्रत्येक तुळईत ही दडपलेली इच्छा असते. तिला कर्तन म्हणतात. पातळ पत्र्याच्या तुळईत हे कर्तन पत्र्याच्या अंगाअंगाने, पाटातल्या पाण्यासारखे वाहते. मोकळ्या कडेशी ते शून्य असते, आत येईल तसतसे वाढते, कोपऱ्यावर वळते, उभ्या पट्टीतून खाली उतरते आणि खालच्या आडव्या पट्टीतून पुन्हा मोकळ्या कडेकडे जाताना विरत जाते.

गंमत इथेच आहे. भार उभा आहे. पण आडव्या पट्ट्यांत वाहणारे बळ आडवे आहे. वरच्या पट्टीत ते एका दिशेला, खालच्या पट्टीत नेमके उलट दिशेला. ताक घुसळताना रवीच्या दोरीची दोन टोके आपण आलटून पालटून उलट दिशांना ओढतो आणि रवी फिरते. चॅनेलच्या बाबतीतही तेच घडू पाहते. हे फिरणे थोपवायचे, तर भाराने स्वतःच उलट दिशेचा तेवढाच पीळ द्यावा लागतो, आणि त्यासाठी त्याला उभ्या पट्टीपासून दूर, पाठीमागे जाऊन उभे राहावे लागते.

आकड्यांची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा. मध्यरेषेवर मोजून १८० मिलिमीटर उंच आणि प्रत्येकी ६० मिलिमीटरच्या आडव्या पट्ट्या असलेला, सर्वत्र सारख्याच जाडीचा चॅनेल घेऊ. त्यावर ९०० किलोचा उभा भार आला, तर हिशोबाने प्रत्येक आडव्या पट्टीत १०० किलोचे आडवे बळ वाहते. ही दोन विरुद्ध बळे एकमेकांपासून १८० मिलिमीटरवर आहेत, गुणाकार १८,०००. ९०० किलोच्या भाराने हाच गुणाकार साधायचा, तर त्याचे अंतर २० मिलिमीटर पाहिजे. म्हणजे कर्तनकेंद्र उभ्या पट्टीच्या पाठीमागे २० मिलिमीटरवर. याच चॅनेलचा गुरुत्वमध्य मात्र उलट अंगाला, उघड्या तोंडाच्या बाजूला १२ मिलिमीटरवर येतो. दोहोंत ३२ मिलिमीटरचे अंतर. पत्रा दोन मिलिमीटरचा असो की तीनचा, या अंतरात फरक पडत नाही. जाडी समीकरणाच्या दोन्ही बाजूंनी निघून जाते. बिंदू कुठे बसायचा हे केवळ आकार ठरवतो.

गुरुत्वमध्यातून भार गेला म्हणजे तुळई सरळ लवेल, असाच समज शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत होता आणि तो मोठमोठ्या विद्वानांचा होता. स्टुटगार्टचे प्राध्यापक कार्ल फॉन बाख यांनी १९०९ साली चॅनेलच्या तुळयांवर प्रत्यक्ष भार ठेवून मोजमापे घेतली, तेव्हा पुस्तकातले आकडे आणि मोजलेले आकडे जुळेनात. तुळई पिळवटत होती, आणि भाराची जागा बदलली की पीळही बदलत होता. याचा उलगडा १९२१ साली रॉबर्ट मायार या स्विस अभियंत्याने केला. त्याने या बिंदूला जर्मन भाषेत ‘शूबमिटेलपुंक्ट’ असे नाव दिले. आपल्या ‘कर्तनकेंद्रा’चा शब्दशः अर्थ तोच. पुढे स्वित्झर्लंडमध्ये १९३० साली पुरा झालेला साल्गिनाटोबेलचा काँक्रीटचा पूल याच मायारचा. एखाद्या सुरईच्या मानेसारखा निमुळता होत गेलेला तो पूल छायाचित्रात जरी पाहिला, तरी या माणसाला बळांचे वाहणे डोळ्यांना दिसत असले पाहिजे असे वाटते. मायार हा मुळात पूल बांधणारा कंत्राटदार-अभियंता, पोथीपंडित नव्हे, ही गोष्ट आमच्यासारख्या साइटवर उन्हात उभे राहिलेल्यांना विशेष सुखावते. आमच्या पिढीने ज्यांची पुस्तके गिरवली त्या टिमोशेंको यांनी आणि पुढे रशियातच व्लासॉव्ह यांनी या विचाराला भक्कम शास्त्राचे रूप दिले.

इथे एक विषयांतर करतो. मागे एका बैठकीत आम्ही हे कर्तनकेंद्र फळ्यावर काढून दाखवले, तेव्हा मंडळातले एक स्नेही लगेच म्हणाले, ‘हे तर आपलेच चित्र! आपण सुरतेत, आपले केंद्र मात्र बाहेर, महाराष्ट्रात!’ टाळ्या पडल्या. उपमा गोड आहे. आम्हांला मात्र ती पटलेली नाही. तुळईचे कर्तनकेंद्र बाहेर असते ते बाहेरच्या कुणाशी तिचे नाते असते म्हणून नव्हे. तिच्या स्वतःच्या आकारामुळे ते तिथे पडते. ज्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, ते पुढे याच सुरतेत शिक्षक होते आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या जोडीने त्यांनी इथेच मानवधर्म सभा काढली. त्या सभेचे केंद्र कुठे होते म्हणायचे? पुण्यात की मुंबईत? असो. आपण या शहराची लूट इतिहासाच्या पुस्तकात अभिमानाने वाचतो आणि त्याच शहरात घरपट्टी भरतो. आपला आकार मुळातच थोडा असममित आहे, एवढे मात्र मान्य करतो.

असममित आकाराचाच प्रश्न खरा कठीण. चॅनेल निदान आडव्या अक्षाभोवती तरी सारखा असतो. पण एक पट्टी लांब, दुसरी आखूड, एकीला ओठ वळवलेला, दुसरीला नाही, असा पत्रा समोर आला, की नजरेचा अंदाज चालत नाही. अशा तुळईवर सरळ उभा भार ठेवला, तरी ती खाली जाता जाता बाजूलाही सरते. म्हणून आधी तिच्या दोन मुख्य दिशा शोधाव्या लागतात, म्हणजे ज्या दिशांनी ढकलले असता ती आडमार्गाला न जाता सरळ हटते. मग एका मुख्य दिशेने भार आहे असे समजून मोकळ्या कडेपासून कर्तनाचा प्रवाह मोजत जायचे, त्याची एकूण ओढ कोणत्या रेषेवर पडते ते काढायचे. तेच दुसऱ्या दिशेने पुन्हा करायचे. या दोन रेषा जिथे छेदतात तिथे कर्तनकेंद्र. कागद, पेन्सिल आणि दुपारभराची शांतता एवढे साहित्य पुरते. आता संगणक क्षणात सांगतो. सांगू दे, पण ज्याने एकदा तरी तो प्रवाह हाताने मोजला आहे, त्याला संगणकाचे उत्तर चुकले तर वास येतो.

काही आकार मात्र स्वभावाने सरळ. अँगलच्या दोन पट्ट्यांतले दोन्ही प्रवाह कोपऱ्यातूनच जातात, म्हणून पट्ट्या समान असोत की असमान, कर्तनकेंद्र कोपऱ्यात. इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारख्या पन्हळीत ते थेट गुरुत्वमध्यावर येते, म्हणजे पिळाची काळजी कमी. पण तिच्या मुख्य दिशा तिरप्या असल्यामुळे ती उभ्या भाराखाली बाजूला पळते. पांडेसरा, उधना, सचिन इथल्या कुठल्याही मागाच्या वा रंगाईच्या कारखान्यात मान वर करून पाहावे. पत्र्यांच्या खाली आडव्या धावणाऱ्या ज्या हलक्या तुळया दिसतात, ज्यांना सारे पर्लिन म्हणतात, त्या बहुधा या दोनच जातींच्या, सी किंवा झेड. उतरत्या छपरावर त्या बसवताना वरच्या पट्टीचे तोंड चढाच्या दिशेला ठेवतात. छपराचा भार उभा खाली, छप्पर तिरपे. तोंड चढाकडे ठेवले, की भाराची रेषा कर्तनकेंद्राच्या जवळून जाते, आणि झेडच्या बाबतीत तिची तिरपी मुख्य दिशाही उभ्या भाराशी बरीच जुळते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो. उधन्याच्या एका शेडवर खानदेशातून आलेला एक फिटर मात्र, ज्याने शाळेचे तोंड चौथीपर्यंतच पाहिले होते, उलटी बसवलेली पर्लिन खालूनच ओळखत असे. ‘साहेब, ती मान मुरगळणार,’ असे तो म्हणे. कर्तनकेंद्राची याहून नेटकी व्याख्या आम्ही छापलेली पाहिली नाही.

मान मुरगळण्याची जी घटना आम्हांला अगदी जवळून पाहावी लागली ती कारखान्यातली नव्हे, घरातली. आमच्या मावशीचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, जुन्या शहरातल्या एका अरुंद रस्त्यावर राहत. घर लाकडी, पण १९६२ साली त्यांनी पहिल्या मजल्याला रस्त्याच्या बाजूने दहा फूट लांबीचा एक सज्जा काढून घेतला. हेतू एकच, गणपतीच्या मिरवणुका नीट दिसाव्यात. भिंतीतून दोन लोखंडी हात पुढे काढले, त्यांच्या टोकांवर रस्त्याला समांतर एक चॅनेल टाकला, आणि सज्ज्याच्या जमिनीचे लाकडी वासे एका बाजूने भिंतीत व दुसऱ्या बाजूने त्या चॅनेलच्या पोटात बसवले. चॅनेलचे तोंड घराकडे, गुळगुळीत पाठ रस्त्याकडे. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाशांची टोके दिसू नयेत, ही त्यातली टापटीप. पाठीवर बाहेरून नक्षीचा जड कठडा बोल्टांनी आवळलेला. चॅनेल गिरणीत लाटलेला जाड नव्हता. जाड पत्रा वाकवून केलेला होता, आणि मापे जवळजवळ वर दिलेल्या उदाहरणातलीच.

ऑगस्ट २००६ चा पूर आपल्यापैकी कुणी विसरलेले नाही. उकाईतून सोडलेले पाणी शहरात शिरले तेव्हा काकांच्या घराचा तळमजला बुडाला. खालच्या दोन बिऱ्हाडांसकट अकरा माणसे वर आली, आणि होडीतून येणाऱ्या दुधापाण्याच्या पिशव्या दोरीने ओढून घेण्यासाठी दिवसाचा बराच वेळ त्या सज्ज्यावरच उभी राहिली. धान्याचे डबे, शिलाईचे यंत्र, एक ओला ट्रंक, सारे तिथेच. सज्जाने त्या तीन दिवसांत अकरा माणसांना सांभाळले, हे त्याचे ऋण आम्ही मानतो.

पूर ओसरल्यावर आम्ही चिखल काढायला गेलो, तेव्हा कठडा वरच्या अंगाला चार बोटे घराकडे कललेला दिसला. काकांना त्याची चिंता नव्हती. ‘अरे, घराकडेच झुकलाय ना? रस्त्याकडे झुकला असता तर गोष्ट वेगळी. आत झुकलेला कठडा माणसाला बाहेर पडू देत नाही,’ ते म्हणाले. घरातल्या बाकीच्यांचा रोख त्या जड कठड्यावरच होता. तो काढून हलका पाइपचा लावावा, म्हणजे भार कमी होईल, असे त्यांचे मत. दोन्ही बाजू तर्काला धरून होत्या आणि दोन्ही चूक होत्या.

कठडा चॅनेलच्या पाठीवर बाहेरून लावलेला. त्याचे वजन उभ्या पट्टीच्या मागे, म्हणजे कर्तनकेंद्राच्या अगदी लगतून खाली जात होते. साऱ्या सज्ज्यात तोच एक निरपराध होता. पीळ दिला तो जमिनीने, आणि जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसांनी. वाशांची टोके चॅनेलच्या पोटात, खालच्या पट्टीवर टेकलेली. तिथून कर्तनकेंद्र दोन इंच पलीकडे, रस्त्यावरच्या हवेत. लवण्याच्या हिशोबाने तो चॅनेल त्या भाराच्या कितीतरी पट भक्कम होता. पण भार दोन इंचांनी चुकीच्या जागी होता, टोकांचे बोल्ट गंजून सैल झाले होते, आणि उघड्या पातळ पत्र्याला पीळ सोसण्याची ताकद जवळजवळ नसतेच. चॅनेल फिरला: वरची कड घराकडे, खालची कड रस्त्याकडे. कठडा आत झुकला तो यामुळे. आणि खालची कड बाहेर सरकली म्हणजे काय, तर वाशांच्या टोकांखालचा आधार सरकला. आम्ही शिडी लावून खालून पाहिले. मधल्या दोन वाशांची टोके पाव इंचाने उघडी पडली होती. चव्वेचाळीस वर्षे रंग न लागलेले पांढरे लाकूड दिसत होते. पट्टी घराच्या बाजूला उताराची झाली होती, आणि पाणी जसे उताराने जाते तसेच वासेही जाणार होते.

गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती, जेमतेम आठवड्यावर. काकांच्या सज्ज्यावरून मिरवणूक पाहायला आळीतली वीस-पंचवीस मुले दरवर्षी येत. आम्ही म्हणालो, या वर्षी सज्ज्यावर कुणीही पाऊल टाकायचे नाही. काकांनी आम्हांला प्रथम समजावले, मग हिणवले. ‘पुरात अकरा जण उभे होते तेव्हा पडला नाही, आणि आता पोरे उभी राहिली तर पडेल? तुझे पुस्तक पुराहून मोठे का?’ या प्रश्नाला घरातल्या कुणापाशी उत्तर नव्हते. आमचे उत्तर त्यांना ऐकायचे नव्हते. ते उत्तर असे होते, की पुराच्या वेळी वासे पूर्ण टेकलेले होते, आता नव्हते. आणि पूर ओसरूनही पीळ परत फिरला नव्हता, म्हणजे लोखंडाने हार मानली होती. आम्ही सज्ज्याच्या दाराला आतून कुलूप घातले आणि किल्ली घेऊन घरी आलो. मोठ्या माणसाच्या घराला कुलूप घालणे हे कुठल्या संस्कारात बसते, असे मावशीने विचारलेही. काका आमच्याशी अनंत चतुर्दशीपर्यंत बोलले नाहीत. त्या दिवशी बंद दाराच्या आत खुर्ची टाकून ते बसले आणि ढोल ऐकत राहिले, असे मावशीने नंतर सांगितले. त्यांच्या मुलांचा पुण्याहून निरोप आला, सज्जा पाडूनच टाका; घर तरी किती दिवस ठेवायचे? त्यावर मात्र काका आमच्याकडे आले.

दुरुस्ती त्या हिवाळ्यात झाली. काय करायचे ते काकांना पटवण्यासाठी आम्ही कापडाचे ताके गुंडाळतात ती पुठ्ठ्याची नळी घेऊन गेलो. (मराठीत खरे तर तागा, पण सुरतेच्या बाजारात तागा म्हटले तर कुणी दाखवत नाही.) नळी त्यांच्या हातात दिली आणि पिळायला सांगितली, हलेना. मग तीच नळी एका बाजूने उभी चिरून दिली. ओल्या फडक्यासारखी पिळली गेली. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढेच, फक्त एक चीर. तीस मिलिमीटर त्रिज्येची आणि दोन मिलिमीटर जाडीची नळी अशी चिरली, तर तिचा पिळाला होणारा विरोध गणिताने ६७५ पटींनी घटतो. सुरतेत मेट्रोचे जे गर्डर खांबांवर चढवले गेले, ते आतून पोकळ आणि चारही बाजूंनी बंद पेटीसारखे का असतात, ते यावरून ध्यानात यावे. काकांनी चिरलेली नळी दोन-तीनदा पिळून पाहिली आणि म्हणाले, ‘मग याचे तोंड बंद कर.’

आम्ही तेच केले. सज्ज्याला खालून बल्ल्यांचे टेकू दिले, जुना चॅनेल उतरवला, आणि दोन नवे जाड चॅनेल तोंडाला तोंड लावून वेल्डिंगने त्यांची एक बंद पेटी केली. वासे आता पोटात नव्हेत, पेटीच्या डोक्यावर मधोमध बसले. तेवढी पेटी खाली उतरवली. कठडा तोच ठेवला. तो काढायचे काही कारणच नव्हते.

जुना चॅनेल अंगणात पडला होता. काकांनी विचारले, ‘तो तुझा बिंदू म्हणतोस तो दाखव एकदा.’ चॅनेलचा त्यातल्या त्यात सरळ राहिलेला शेवटचा हातभर तुकडा कापून आम्ही त्याचे एक टोक विटांत घट्ट रोवले, दुसऱ्या मोकळ्या टोकावर एक आडवी पट्टी बांधली आणि तिच्यावर पाण्याने भरलेली बादली अडकवून हळूहळू सरकवू लागलो. उघड्या तोंडाच्या बाजूला होती तेव्हा पाणसळीतला बुडबुडा एका अंगाला पळे. उभ्या पट्टीच्या खाली आली तरी थोडा पळेच. पाठीमागे बोटभर सरकवल्यावर बुडबुडा मध्ये येऊन थांबला. आम्ही तिथून ओळंबा सोडला आणि दोरीला खडूची खूण केली. काकांनी चष्मा पुसला, खाली बसून चॅनेलच्या पाठीपासून त्या दोरीपर्यंतची रिकामी जागा बोटाने मापली.

‘म्हणजे वेशीबाहेरचा मारुती म्हण की,’ ते म्हणाले. ‘गावात नाही, पण गाव त्याच्या भरवशावर.’

आम्ही म्हणालो, नव्या पेटीत तो बाहेर राहिलेला नाही. दोन्ही बाजू सारख्या झाल्या, त्यामुळे आता बरोबर मधोमध आहे.

‘मग मारुती उचलून गावात आणून बसवलास,’ काका म्हणाले. ‘विचारायचेस तरी.’ आणि बादली उचलून त्यांनी ते पाणी तुळशीला घातले.

२००७ च्या अनंत चतुर्दशीला सज्ज्यावर सतरा जण होते. काकांनी मोजले होते, कारण मोजायला आम्हीच सांगितले होते.